स्वयंसेवक व्हा, वेठबिगार नको!



मध्यंतरी एका संस्थेतून फोन आला. "ताई, सर्व्हेसाठी दहा पोरं द्या. वस्तीतलीच द्या, त्यांना घरोघर ओळखतात. मानधन नाही, पण प्रमाणपत्र देऊ." मी विचारलं, एसटीच्या भाड्याचं काय? उत्तर आलं, "स्वयंसेवक आहेत ना ते!"

हे उत्तर आपल्या जिल्ह्यात तरी खपता कामा नये. धाराशिवजवळच्या कसबे तडवळे गावात 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 रोजी महार-मांग वतनदार परिषद झाली. तिला स्वतः बाबासाहेब आले होते. वतन म्हणजे काय होतं? नावाला हक्क, प्रत्यक्षात गावाची आणि सरकारची रात्रंदिवस चाकरी. या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक बाबासाहेबांनी 1928 मध्येच मुंबई विधिमंडळात मांडलं होतं. फुकट राबण्याला 'मान' म्हणायचं, ही युक्ती आपल्या पणजोबांनी भोगली आहे. आज त्या मानाच्या जागी प्रमाणपत्र आलंय, एवढंच.

मग बिनपगारी काम करूच नये का? करावं. 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्यावर गेलेली माणसं पगार घेऊन गेली नव्हती. पण ते काम त्यांचं स्वतःचं होतं. म्हणून कुठेही नाव नोंदवण्याआधी तीन प्रश्न विचारा : काम कोणाचं आहे? ते ठरवतं कोण? आणि त्याचं फळ कोणाच्या पदरात पडतं?

या कसोटीला उतरणारी कामं जिल्ह्यात भरपूर आहेत. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम 15 (अ) नुसार पीडितांना सामाजिक कार्यकर्त्यांची मदत घेण्याचा हक्क आहे. म्हणजे पीडित कुटुंबासोबत ठाण्यात आणि कोर्टात जाणं ही कोणाची मेहेरबानी नाही. एफआयआरची प्रत मिळाली का, 60 दिवसांत दोषारोपपत्र गेलं का, याचा पाठपुरावा पदवीधर मुलगा-मुलगी नक्की करू शकते. जातीचा दाखला, शिष्यवृत्ती आणि स्वाधार योजनेचे अर्ज एका कागदापायी अडकतात. आठवड्यातून दोन तास बुद्धविहारात लॅपटॉप घेऊन बसलात, तर एखाद्या मुलीचं शिक्षण वाचेल. कळंब, वाशी, भूम, परंडा भागातली कुटुंबं ऊसतोडीला निघाली की मागे राहिलेल्या पोरांचा अभ्यास घ्यायलाही माणूस लागतो.

आता थोडं आपल्याबद्दल. आपणही पोरांना खुर्च्या उचलायला आणि बॅनर बांधायलाच बोलावतो. बैठकीत बोलायची वेळ आली की ती दाराशी उभी असतात, आणि मुली चहाच्या ट्रेपाशी. ही वेठ नाही तर काय? शिवाय ज्याच्या घरी रोजंदारीवर चूल पेटते, त्याचा एक दिवस फुकट मागणं म्हणजे त्या घरचा एक दिवसाचा किराणा मागणं आहे. त्यामुळे होतं काय, की स्वयंसेवा खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचीच राहते.

म्हणून माझी सूचना सरळ आहे. जयंतीच्या वर्गणीतला दहावा हिस्सा बाजूला काढा. एक डीजे कमी लावा. त्या पैशातून कार्यकर्त्याचं प्रवासभाडं आणि जेवण द्या, आणि काय काम करायचं हे ठरवताना त्यालाच बैठकीत बसवा. एवढं केलंत, तर पोरं येत नाहीत ही तक्रार करायची वेळ येणार नाही.

तडवळ्याच्या जिल्ह्यातल्या पोरांना कोणी फुकट राबवू नये. आपणही नाही.