जुन्या गाडीची नवी चाके : हौस आणि हिशेब

४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि त्या भट्टीच्या आधाराने सेक्टरांची एक देखणी वसाहत उभी राहिली. सेक्टर ६ हा त्याच वसाहतीचा एक भाग. येथील घराघरांतून धातूची भाषा बोलली जाते. रुळाच्या पोटात केसाएवढी भेग राहिली तर काय होते, हे येथील निवृत्त कामगारास समजावून सांगावे लागत नाही. भिलाईचा प्रत्येक रूळ कारखान्याबाहेर पडण्यापूर्वी ध्वनिलहरींच्या परीक्षेतून जातो. पण हाच जाणकार गृहस्थ किंवा त्याचा चिरंजीव हौसेने घेतलेल्या जुन्या स्पोर्ट्स कारसाठी चाके निवडू लागला, की ही सारी शिस्त दुकानाच्या पायरीवरच राहते. चकाकी पाहिली जाते, भाव पाडला जातो आणि चाक गाडीवर चढते. ज्याच्यावर चार जिवांचा भार आहे, त्या वस्तूची निवड अशी व्हावी काय?

जुन्या स्पोर्ट्स कारची अडचण खरी आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९९८ च्या सुमारास आपल्याकडे ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनी भारतीय स्पोर्ट्स कार आली. तिचे इंजिन रेनॉ कंपनीचे आणि अंग फायबरचे होते. आज ती नव्याने मिळत नाही. अशा थोड्या संख्येने बनलेल्या किंवा परदेशातून आलेल्या गाडीचे मूळ चाक वाकले, तर अधिकृत विक्रेत्याकडे जाऊन नवे मागण्याची सोय उरत नाही. मग मालक बाजारातील पर्यायांकडे वळतो. पर्याय शोधण्यात गैर काही नाही. पर्याय पारखून न घेण्यात मात्र आहे.

पारख करावयाची म्हणजे चार मापे पाहावयाची. पहिले माप नट-बोल्टच्या छिद्रांच्या वर्तुळाचे, ज्याला कारागीर ‘पीसीडी’ म्हणतात. फियाटच्या अनेक गाड्यांचे हे माप चार छिद्रांचे ९८ मिलिमीटर, तर अन्य अनेक कंपन्यांच्या लहान गाड्यांचे १०० मिलिमीटर. फरक अवघा दोन मिलिमीटरचा. त्यामुळे चुकीचे चाकही जोर लावला की बसल्यासारखे वाटते. परंतु नट सरळ बसत नाहीत आणि धावताना सैल होण्याचा धोका राहतो. दुसरे माप मधल्या छिद्राचे. ते हबवर घट्ट बसले पाहिजे, मोठे असल्यास योग्य कडे घालावे लागते. तिसरे ‘ऑफसेट’, म्हणजे चाकाची मध्यरेषा आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांतील अंतर. ते कमी झाले की चाक बाहेर सरकते, दिसावयास रुबाबदार दिसते; पण बेअरिंगवरील ताण वाढतो आणि स्टिअरिंगचा मूळ स्वभाव बिघडतो. चौथे माप रिमच्या रुंदीचे आणि व्यासाचे. यांपैकी पहिल्या तिन्ही मापांची विचारणा न करता झालेला सौदा हा सौदा नसून जुगार आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

व्यासाच्या मोहाबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे. मोठे चाक म्हणजे वेगवान गाडी, अशी एक समजूत रूढ आहे. साधा हिशेब करून पाहावा. १८५/६० आर १४ या टायरचा एकूण व्यास सुमारे ५७८ मिलिमीटर. त्याऐवजी १९५/५० आर १५ घेतला तर व्यास ५७६ मिलिमीटर भरतो. म्हणजे रिम एक इंचाने वाढूनही गाडीचा हिशेब जवळपास तोच राहतो. परंतु हौसेखातर २०५/५० आर १६ बसविल्यास व्यास ६११ मिलिमीटर होतो, सुमारे सहा टक्के अधिक. मूळ टायरवर स्पीडोमीटर अचूक असेल, तर आता काटा ६० दाखवीत असताना गाडी ६३ हून अधिक वेगाने धावत असते. शिवाय वळण घेताना टायर मडगार्डला घासण्याची भीती निराळीच.

काही गाड्यांत पुढची आणि मागची चाकेही सारखी नसतात. सचिन तेंडुलकर यांना २००२ मध्ये भेट मिळालेली आणि २०११ मध्ये सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे गेलेली फेरारी ३६० मोडेना सर्वांना आठवत असेल. त्या गाडीच्या रचनेत पुढे २१५ आणि मागे २७५ मिलिमीटर रुंदीचे टायर असतात. इंजिन मागे आणि जोरही मागच्या चाकांवर, म्हणून ही विषमता. अशा गाडीस ‘चारही एकसारखी स्वस्तात’ घेणारा मालक अभियंत्यांचा समतोल स्वतःच्या हाताने मोडतो.

आता पोलाद की अलॉय, हा प्रश्न. सर्वसाधारणपणे आघाताने पोलादी चाक वाकते, तर ओतीव ॲल्युमिनियमचे अलॉय तडकू शकते. अलॉय हलके असते हा समजही सरसकट खरा नाही. मोठ्या मापाचे स्वस्त अलॉय मूळच्या लहान पोलादी चाकाहून जड भरू शकते. स्प्रिंगच्या खालचे वजन वाढले की चाक रस्त्याला धरून राहत नाही, आणि रस्त्याला धरून राहणे हाच तर स्पोर्ट्स कारचा प्राण. पावसाळ्यानंतरचे खड्डे आणि उन्हाळ्यातील तापलेले डांबर सोसणाऱ्या गाडीस जाड पोटाचा टायर आणि मूळ व्यासाचे निर्दोष चाक हेच हितकर. वापरलेले अलॉय घेताना वेल्डिंग केलेले चाक, ते कितीही स्वस्त असो, नाकारावे. केंद्र सरकारने २०२० मध्ये मोटारींच्या रिमसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आहे. नवे चाक घेताना भारतीय मानकाची खूण पाहण्याचा आग्रह ग्राहकाने धरलाच पाहिजे.

कायदा आणि विमा यांचाही विचार हवा. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरविलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. विमा कंपनीस न कळविता बसविलेल्या महाग चाकांची भरपाई गृहीत धरता येत नाही, आणि न सांगितलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो. गाडीवर कर्ज असेल तर ती बँकेकडे तारण आहे, हेही विसरता कामा नये. तारणाचे मूल्य चकाकीने वाढत नाही, सुस्थितीने टिकते.

यावर असा आक्षेप येईल, की हौसेला हिशेब लावला तर हौस उरते कुठे? आक्षेप अगदीच निराधार नाही. जुन्या मापाचे चांगले टायर काही वेळा खरोखरच मिळत नाहीत. अशा वेळी त्याच गाडीच्या वरच्या श्रेणीसाठी उत्पादकाने मान्य केलेले माप घ्यावे. ती हौसही आणि तो हिशेबही. आपल्या कष्टाच्या पैशातून कोणी जुनी गाडी जिवंत ठेवीत असेल, तर तो उधळपट्टी करतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. उधळपट्टी होते ती पैशांचा क्रम चुकल्यावर.

तो क्रम असा असावा. प्रथम टायर, त्यावरील चार आकडी खूण पाहावी. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. त्याचा भारांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा. ८२ भारांक म्हणजे ४७५ किलो. त्यानंतर निर्दोष चाक, मग बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट, त्यानंतर मुख्य चाकांशी जुळणारी स्टेपनी, आणि काही शिल्लक राहिल्यास चकाकी. नवे चाक बसविल्यावर शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा तपासून घ्यावेत.

गुंतवणूक करताना सुज्ञ ग्राहक परताव्याच्या आकड्याआधी मुद्दलाची सुरक्षितता पाहतो. गाडीच्या बाबतीत मुद्दल म्हणजे आत बसलेली माणसे. रुळाची भेग शोधण्यासाठी ज्या गावाने इतकी यंत्रे उभी केली, त्या गावाने चाकाची भेग शोधण्यासाठी दुकानात दहा मिनिटे अधिक थांबावे, एवढीच अपेक्षा.