टाकीची उंची कुठे जाते?

प्रति,
सदस्य सचिव,
महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, मुंबई

महोदय,


महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावात पाण्याची टाकी पाण्याखेरीज बरीच कामे करते. रिक्षावाल्याला पत्ता म्हणून ती पुरते. तिच्या खांबांच्या सावलीत भाजीवाले बसतात, खांबांवर वाढदिवसाचे फलक लटकतात. आणि मागणी मान्य होईना की कोणीतरी शिडी चढून वर जातो. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ‘शोले स्टाईल आंदोलन’ हा मथळा ठरलेलाच. ‘शोले’ १९७५चा. त्या रामगढमध्ये वीज नव्हती, मग धर्मेंद्र ज्या टाकीवर चढला तिच्यात पाणी कोण चढवत होते, असे चोखंदळ प्रेक्षक अजून विचारतात. प्रश्न थट्टेचा आहे, पण रोखठोक आहे. पाणी वर चढवायला खर्च येतो. तो खर्च पुढे कोणाच्या कामी येतो, याचा हिशेब रामगढात लागला नाही आणि आपल्या बऱ्याच नगरपरिषदांतही लागत नाही. १९७६च्या कायद्याने जन्मलेल्या आणि राज्यभर टाक्या उभारलेल्या प्राधिकरणापुढे हाच हिशेब मांडायचा आहे.

पाच लाख लिटरची एक साधी टाकी घ्या. पूर्ण भरली की तिच्यात ५०० टन पाणी असते. एवढे पाणी २० मीटर उचलायला शास्त्राप्रमाणे सुमारे २७ युनिट वीज लागते. पंप आणि मोटर आपापला वाटा खातात, म्हणून प्रत्यक्षात चाळिसेक युनिट धरावीत. नदीपासून गावापर्यंतच्या नळातले घर्षण वेगळे. ही वीज वाया गेलेली नसते. उंचीच्या रूपाने ती टाकीत जमा झालेली असते. दवाखान्यात सलाइनची बाटली स्टँडवर उंच टांगतात ती याच कारणाने. खाली ठेवली तर थेंब उतरणार नाही. दर दहा मीटर उंचीमागे नळात चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब मिळतो. टाकी जाड की बारीक, याचा दाबाशी काही संबंध नाही. घेरावर साठा ठरतो, उंचीवर दाब.

साठाच करायचा असता तर जमिनीवर हौद बांधणे कितीतरी स्वस्त पडले असते. उंच टाकीला गाव जास्तीचे पैसे देते ते दोन गोष्टींसाठी. पहिली म्हणजे दाब. दुसरी म्हणजे सकाळ. गावाची मागणी दिवसभर सारखी नसते. सकाळी सहा ते नऊ सगळ्यांना एकदम पाणी हवे, रात्री दोनला जवळपास कोणालाच नको. टाकी नसेल तर पंप, नळ आणि विजेचे कनेक्शन असे सगळेच त्या तीन तासांच्या हिशेबाने मोठे घ्यावे लागेल आणि उरलेला दिवस ते अर्धे रिकामे पडेल. टाकी असली की मध्यम ताकदीचा पंप एका लयीत चालतो, रात्री ती भरते आणि सकाळी उपसली जाते. वीज गेली तरी नळ लगेच कोरडे पडत नाहीत.

दाब सावरायला उंचीच पुरते, हे शिकागोत दिसते. तिथला प्रसिद्ध वॉटर टॉवर १८६९चा. गंमत म्हणजे त्याच्यात टाकीच नाही. आत १३८ फूट उंचीचा उभा नळ होता. वाफेच्या पंपांचे हिसके गावातल्या नळांना बसू नयेत म्हणून पाणी त्या नळात वरखाली होई आणि दाब सावरला जाई. १८७१च्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला, हा मनोरा उभा राहिला.

आपल्याकडचे सगळ्यांत भव्य उदाहरण कोलकात्यात आहे. १९११मध्ये सुरू झालेली टाला टाकी जमिनीपासून ११० फूट उंचीवर आहे आणि तिच्यात ९० लाख गॅलन, म्हणजे सुमारे चार कोटी लिटर पाणी मावते. सगळे काम पोलादाचे. पण तिची खरी हुशारी आकारात नाही, आतल्या चार कप्प्यांत आहे. एक कप्पा धुवायला रिकामा केला तरी उरलेले तीन शहराला पाणी देत राहतात. टाकी धुण्याच्या दिवशी अख्ख्या वॉर्डाचे पाणी बंद ठेवणाऱ्यांनी एकदा तिकडे जाऊन यावे.

ज्या शहराला डोंगर आहे त्याला खांबांची गरज पडत नाही. मुंबईत मलबार हिल आणि माझगावचा भंडारवाडा या टेकड्याच टाक्यांचे पाय झाल्या. हँगिंग गार्डनमध्ये भेळ खाणाऱ्या कित्येकांना आपण दक्षिण मुंबईच्या जलाशयाच्या छतावर बसलो आहोत, याची कल्पना नसते. छत्रपती संभाजीनगरात तर सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात मलिक अंबरने पंपाशिवाय हे साधले. नहर-ए-अंबरी डोंगराच्या उतारावरून खापरी नळांतून शहरात येई. वाटेत ठिकठिकाणी मनोरे बांधलेले होते. पाणी आपल्याच दाबाने त्यांत चढे आणि नळात कोंडलेली हवा तिथे सुटे. आज त्याच शहरासाठी प्राधिकरण नाथसागर जलाशयातून २५०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी आणते आहे. वर्षानुवर्षे कित्येक दिवसांच्या अंतराने नळ येणाऱ्या त्या शहरासाठी ती कधी पूर्ण होते, याकडे लोकांचे डोळे लागलेले आहेत. पाणी येईल तेव्हा येईल. आल्यावर त्याच्या उंचीचे काय करणार, हे मात्र आत्ताच ठरवता येईल.

कारण बाकी शहरांत त्या उंचीचे जे होते ते असे. प्राधिकरण किंवा नगरपरिषद पाणी २० मीटरवर चढवते. मग चावीवाला येतो आणि एका भागाचा व्हॉल्व्ह तासभर उघडतो. तेवढ्या वेळात सगळ्यांनी एकदम भरून घ्यायचे असते. रोजच्या वापरासाठी आखलेला नळ हा तासाभराचा लोंढा पेलू शकत नाही. टाकीजवळच्या घरांत धो धो, शेवटच्या गल्लीत थेंब थेंब. पुढच्या आळीची पाळी येईपर्यंत टाकीची पातळी उतरलेली असते, म्हणजे दाबही उतरलेला. जे थोडे पाणी सोसायटीच्या दारात पोहोचते ते जमिनीखालच्या हौदात पडते. त्या क्षणी २० मीटरचा दाब शून्य होतो. नंतर सोसायटीची मोटर तेच पाणी पुन्हा १५-२० मीटर उचलून गच्चीवरच्या काळ्या टाकीत नेते.

एकच पाणी दोनदा उचलायचे. पहिल्यांदा पाणीपट्टीच्या पैशाने, दुसऱ्यांदा मेंटेनन्सच्या.

केंद्र सरकारच्या १९९९च्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेत घराच्या जोडणीपाशी एकमजली वस्तीसाठी ७ मीटर, दुमजलीसाठी १२ आणि तीनमजलीसाठी १७ मीटर दाब शिल्लक असावा, असे सांगितले होते. टाक्यांची उंची हे आकडे समोर ठेवूनच ठरत आली. म्हणजे तीन मजल्यांपर्यंतच्या इमारतीला मोटर, हौद आणि गच्चीवरची टाकी यांतले काहीच लागू नये, हे गणित कागदावर सोडवलेले आहे. तरीही जिल्ह्याच्या ठिकाणी दुमजली बंगलासुद्धा हौदाशिवाय उभा राहत नाही. लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याला उद्याच्या पाण्याची खात्री नाही तो साठवणारच. कोणी तर नळालाच थेट मोटर लावतो. मग शेजारी लावतो.

इथून प्रश्न पैशांचा राहत नाही, पोटाचा होतो. दाबाखाली भरलेल्या नळाला भोक पडले तर पाणी बाहेर गळते. रिकामा किंवा मोटरने ओढला जाणारा नळ त्याच भोकातून बाहेरचे आत घेतो, आणि बाहेर शेजारून गटार वाहत असते. बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गी या शहरांतल्या काही भागांत २००८च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू झाले. पुढे हुबळी-धारवाडमध्ये संशोधकांनी चोवीस तासांचा भाग आणि पाळीचा भाग यांतल्या नळांचे नमुने शेजारी ठेवून तपासले. पाळीच्या भागात दूषित नमुने कितीतरी जास्त निघाले. शहर एकच होते. फरक नळात दाब टिकण्याचा.

यावर ठरलेले उत्तर मिळेल: धरणातच पाणी नाही, चोवीस तास कुठून देणार? आठवड्याने नळ येणाऱ्या शहराला हे उत्तर लागू पडते, हे मान्य करावे लागेल. पण ज्या गावांत रोज किंवा दिवसाआड पाणी येते तिथे हिशेब वेगळा आहे. तिथे पाणी आहे, दाब टिकत नाही. आणि हे जमते, याचा पुरावा प्राधिकरणाच्या स्वतःच्याच दप्तरात आहे. कराडजवळच्या मलकापूरने प्राधिकरणाच्या साहाय्याने चोवीस तास, मीटरने पाणी दिले. वापर वाढला की दर चढतो, म्हणून नळ उघडा टाकायला कोणी धजत नाही. आणि उद्या पाणी येणारच म्हटल्यावर शिळे म्हणून कालचे भरलेले ओतूनही देत नाही. राज्यभरातले पाहुणे ही योजना पाहायला येऊन गेले. पाहुण्यांच्या गावांत पुढे काय झाले, ही चौकशी प्राधिकरणाने करावी.

अडचण बहुधा हस्तांतरणात आहे. प्राधिकरण योजना बांधते आणि नगरपरिषदेच्या हवाली करते. अमरावती, बदलापूर यांसारखी प्राधिकरण स्वतः चालवते ती ठिकाणे मोजकी. हवाली करताना टाकी, पंप, नळ सगळे मोजून दिले जाते. दाब मात्र मोजून दिला जात नाही. म्हणून पहिली मागणी हीच: प्रत्येक टाकीचा पुरवठा विभाग इतर विभागांपासून वेगळा तोडलेला असावा, टाकीच्या तोंडाशी मीटर असावा, आणि त्या विभागातल्या सगळ्यांत दूरच्या घरी किती दाब मिळतो हे लिहून दिल्याशिवाय हस्तांतरण पूर्ण धरू नये.

दुसरी मागणी स्वस्तातली आहे. जुन्या टाक्यांच्या अंगावर एक उभी पट्टी रंगवलेली असते. आतल्या तरंगत्या डब्याला दोरी बांधून दुसऱ्या टोकाचा काटा त्या पट्टीवर फिरतो. ती उलटी वाचायची असते. काटा वर गेला म्हणजे टाकी रिकामी. बऱ्याच ठिकाणी दोरी कधीच तुटून गेली आहे. ती परत बसवावी किंवा तिच्या जागी इलेक्ट्रॉनिक आकडे लावावेत, पण ते रस्त्यावरून दिसावेत. शेजारी साठवण क्षमता, बांधल्याचे साल आणि शेवटची धुतल्याची तारीख रंगवावी. उद्घाटन कोणाच्या शुभहस्ते झाले ते सध्या ठळक अक्षरांत असतेच. तेवढ्याच मापाची अक्षरे चालतील.

तिसरी मागणी टाकीच्या मजबुतीची आहे. बहुतेक मोठ्या टाक्यांचा तो खालून निमुळता, मध्ये फुगीर आकार ओट्टो इंट्झे या जर्मन अभियंत्याच्या नावाने ओळखला जातो. तळाचा घुमट बाहेर रेटतो, भोवतीचा शंकू आत रेटतो, आणि दोन्ही रेटे एकमेकांना बऱ्याच अंशी खोडतात. कल्पना देखणी आहे, पण काँक्रीट आणि सळई खरी असली तरच ती टिकते. १३ डिसेंबर २०२३ला पश्चिम बंगालमधल्या बर्धमान स्टेशनात ब्रिटिशांच्या काळातली टाकी फुटून प्रवासी मेले. ती जुनी होती, असे म्हणता येईल. ३० जून २०२४ला मथुरेत कोसळलेली टाकी मात्र २०२१ची होती. तेव्हा संरचना तपासणी टाकीच्या वयावर सोडू नये. प्राधिकरणाने बांधलेल्या प्रत्येक टाकीचा तपासणी अहवाल नगरपरिषदेच्या कार्यालयात कोणालाही, अर्ज न करता, वाचायला मिळावा. टाकीखाली भाजी विकणाऱ्यांना तर आधी.

उत्तराची वाट पाहत आहे. ते या मासिकात जसेच्या तसे छापण्याची हमी संपादकांनी दिली आहे.

कळावे,
एक पाणीपट्टीदार