‘ख्रिश्चन’ पुस्तकं, ‘क्लीन’ गाणी आणि आपली मुलं



पोस्ट जरा मोठी आहे, चहा घेऊन बसा.

इथे अमेरिकेत आपल्यासारख्या आईबाबांकडून दोन वाक्यं मी सतत ऐकते. पहिलं: “नार्निया नको गं देऊ वाचायला, ते ख्रिश्चन पुस्तक आहे.” दुसरं: “ती गाणी एकदम क्लीन आहेत, बिनधास्त लाव गाडीत.” म्हणजे एकावर न वाचता बंदी आणि दुसऱ्याला न ऐकता परवानगी! मला दोन्ही पटत नाही. लेबल बघून आपण निश्चिंत होतो आणि मुलांशी बोलायचं राहून जातं. मग हळूहळू मुलंही आपल्याला विचारायचं बंद करतात. मला भीती वाटते ती याची.

आधी नार्निया. सी. एस. लुईस यांची ही सात पुस्तकं १९५० ते १९५६ या काळात आली. लुईस श्रद्धाळू ख्रिश्चन होते आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. पहिल्या पुस्तकात एडमंड मिठाईच्या लोभापायी भावंडांशी दगा करतो, त्याच्या जागी अस्लान हा सिंह मरण पत्करतो आणि पुन्हा जिवंत होतो. येशूची गोष्ट माहीत असणाऱ्याला धागा लगेच दिसतो. आपल्या मुलांना बहुधा दिसत नाही, त्यांच्या लक्षात राहतो तो एडमंड. तेव्हा धागा आपणच दाखवावा. “ही त्यांच्या धर्मातली मोठी गोष्ट आहे, लेखकाला ती फार जवळची होती,” एवढं सांगितलं की पुरे. त्यानं कुणाचा धर्म बदलत नाही, उलट पुस्तक जास्त कळतं.

काळजी करायचीच असेल तर दुसऱ्या जागी करा. याच मालिकेत कॅलोर्मेन नावाचे लोक आहेत: सावळे, डोक्याला फेटे, हातात वाकड्या तलवारी. त्यांचा देव टाश गिधाडाच्या डोक्याचा आणि चार हातांचा, आणि तो भयंकर दाखवलाय. ज्या घरात देव्हाऱ्यात चार हातांचा गणपती आहे, तिथलं मूल हे वाचून काय विचार करेल? हा प्रश्न मला सिंहापेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो.

गंमत म्हणजे उत्तराची सुरुवातही शेवटच्या पुस्तकातच आहे. टाशची मनापासून भक्ती करणाऱ्या एमेथ नावाच्या तरुणाला अस्लान आपला म्हणून जवळ करतो. गीतेच्या नवव्या अध्यायात श्रीकृष्णही दुसऱ्या देवतांच्या भक्तांबद्दल काहीसं असंच सांगतो. दोन्हीकडे भक्ती शेवटी ‘आपल्याच’ देवाकडे पोचते, हेही बघा! मिडल स्कूलमधल्या मुलाशी यावर मस्त वाद घालता येतो. पुस्तक घरात आलंच नाही, तर हा वाद होणार कुठे?

आता गाणी. ‘वेजीटेल्स’ १९९३ पासूनचं आहे. टोमॅटो आणि काकडी बायबलमधल्या गोष्टी सांगतात आणि मध्येच काकडी एखादं खुळं गाणं म्हणते. डोक्यावर एक केस नसलेली काकडी केसांचा ब्रश शोधत फिरते, यावर चार वर्षांचं पोर लोळून हसणारच. मला हा विनोद आवडतो, कारण त्यात कुणाला खाली पाडलेलं नाही. शेवटी देवाबद्दलचा उपदेश येतो, तो उघडपणे येतो, आणि त्यावर बोलणंही त्यामुळे सोपं जातं.

‘वीअर्ड अल’ यांकोविक यांचं प्रकरण वेगळं. अकॉर्डियन वाजवणारा हा गृहस्थ गाजलेल्या गाण्यांची विडंबनं करतो, शिव्या टाळतो आणि मूळ कलाकारांची परवानगीही मागतो. २०१४ साली त्यांचा अल्बम बिलबोर्डच्या यादीत पहिला आला. त्यातलं व्याकरणाच्या चुकांवरचं गाणं घरोघरी वाजतं. पण ते ज्या गाण्याचं विडंबन आहे, त्यावर स्त्रियांबद्दलच्या दृष्टिकोनामुळे प्रचंड टीका झाली होती, आणि ते मूळ गाणं एका क्लिकवर आहे. शिवाय विडंबनातला एक शब्द अपंग व्यक्तींचा अपमान करणारा निघाला. यांकोविक यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. म्हणजे बघा, शिवी नसली तरी शब्द लागू शकतो. म्हणून “यात घाण शब्द आहे का?” एवढंच विचारून भागत नाही. “यात कुणावर हसतोय आपण?” हेही मुलांना विचारायला हवं.

आणि ‘ख्रिश्चन’ म्हणजे ‘परकं’ असं समजू नका. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापलं गेलं, मराठी ओव्यांमध्ये! लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ तर ख्रिस्ती बाईनं लिहिलेलं पुस्तक आहे आणि मराठीतल्या सगळ्यात निर्मळ विनोदी पुस्तकांपैकी एकही. वडिलांचं कडक सोवळं असो की नवऱ्याचं धर्मांतर, त्या हसवतात, पण कुणाला तुच्छ लेखत नाहीत. मुलांना मराठी वाचता येत नसेल तर शांता गोखले यांचा २०१७ चा इंग्रजी अनुवाद आहे. हायस्कूलमधल्या मुलांना नक्की द्या.

आपल्या मंडळातही वसईची, नगरची ख्रिश्चन कुटुंबं असतात. “ते ख्रिश्चन पुस्तक आहे” हे आपण ज्या सुरात म्हणतो, तो सूर त्यांच्या मुलांच्याही कानांवर पडतो. शाळेत आपल्या गणपतीबद्दल कुणी त्याच सुरात बोललं तर आपल्याला कसं वाटेल?

माझं म्हणणं एवढंच: पुस्तक आधी स्वतः चाळा, गाणं एकदा पूर्ण ऐका आणि मग मुलांबरोबर बसा. नको वाटलं तर खुशाल नाही म्हणा, पण कारण सांगून. नुसतं लेबल हे काही कारण नाही.

तुमच्या घरी काय वाचतात, काय ऐकतात? पटलं नसेल तरी लिहा, भांडू थोडं. 🙂