अंधारातला आधार

पावसाळ्यातील एखाद्या संध्याकाळी कर्जतच्या बाजारपेठेत वीज जाते. गल्ल्यावरचे शेठ उठतात, दोन पावले मागे सरतात आणि नेमका हात उंचावून फळीवरचा मेणबत्त्यांचा पुडा काढतात. डोळ्यांना काही दिसत नसते. तरी हात किती उचलला, गुडघा किती वाकला, हे त्यांना कळत असते.

शरीराच्या या आत्मज्ञानाला शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ साली ‘प्रोप्रिओसेप्शन’ हे नाव दिले. स्नायूंच्या आत चातीच्या आकाराची सूक्ष्म संवेदके असतात. स्नायू ताणला की ती जागी होतात. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेतील संवेदके जोर मोजतात. संवेदी पेशींच्या आवरणातील ‘पिएझो-२’ हे प्रथिन ताणामुळे उघडते आणि विद्युतसंदेश निघतो. हे प्रथिन शोधणारे आर्डेम पॅटापुटियन २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. पायांकडून निघालेला संदेश मेरुरज्जूच्या मागील भागातून मेंदूकडे जातो. कायोत्सर्गात डोळे मिटून निश्चल उभ्या असलेल्या साधकाला हाच अदृश्य आधार असतो.

या मार्गावरील तंतूंचे आवरण टिकण्यासाठी ब-१२ जीवनसत्त्व लागते. ते वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा ६७ टक्के जणांमध्ये ते कमी आढळले. दूध-दह्यातून ते मिळते. परंतु अनेकांना तेवढे पुरत नाही. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्येही ते घटू शकते.

म्हणून खालापूरच्या एखाद्या घरातील आजोबा तोंड धुताना डोळे मिटताच झोकांडू लागले, पायांना मुंग्या येऊ लागल्या, किंवा रात्री माडीचा जिना उतरताना पायरी चुकू लागली, तर ‘वय झाले’ म्हणून विषय संपवू नये. दिवसा डोळे पायांची उणीव भरून काढतात, म्हणून दोष लपून राहतो. अंधार पडला की तो उघड होतो. डॉक्टर पावले जुळवून उभे करतात आणि डोळे मिटायला सांगतात, ते हेच पाहण्यासाठी. घरी हा प्रयोग एकट्याने करू नये. अशा लक्षणांची कारणे अनेक असतात. रक्ततपासणी आणि वैद्यकीय सल्ला दोन्ही आवश्यक आहेत.

उपचारासाठी शाकाहार सोडावा लागत नाही. औषधातील ब-१२ जिवाणूंच्या साहाय्याने तयार होते. कॅप्सूलचे कवच मात्र पुष्कळदा प्राणिजन्य जिलेटिनचे असते; तेव्हा औषध घेताना घटक विचारून घ्यावेत आणि गोळी किंवा इंजेक्शन यांपैकी योग्य काय, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. लवकर उपचार झाल्यास तंतू बऱ्याच अंशी सावरतात. फार विलंब झाल्यास हानी कायमची राहू शकते.

व्यापारी घरात रोज रात्री रोकड जुळवली जाते, कारण लहान तूट वेळीच सापडली तर भरून निघते. देहाच्या खात्यालाही तोच नियम लागू आहे.