उपदेशाची मात्रा

ज्या भाषेंत मनाचे श्लोक झाले, त्या भाषेच्या लोकांना मनाच्या डॉक्टराची गरज काय, असा सवाल आमच्या एका विद्वान् स्नेह्यांनीं परवां भर बैठकींत टाकला, आणि जमलेल्या मंडळींनीं माना डोलविल्या. सवाल टाळ्या मिळविणारा खरा. पण त्याच्या पोटांतील हेत्वाभास घरोघर माणसें खचवीत असल्यामुळें त्यास मुकाट्यानें जाऊं देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

समर्थांनीं २०५ श्लोकांत मनाला उपदेश केला, तो ऐकूं शकणाऱ्या मनाला. नैराश्याच्या विकारांत नेमकी ती ऐकण्याची शक्तिच रोगाच्या तावडींत सांपडते. झोप उडते, अन्न गोड लागत नाहीं, वाचलेलें पान लक्षांत राहत नाहीं, आणि सर्व दोष आपलाच अशी खूणगांठ मन बांधून बसतें. अशा माणसाला ‘मन घट्ट कर’ म्हणणें म्हणजे पाय मोडलेल्याला पर्वतीची वाट दाखविणें होय. त्याला चढतां येत नाहीं, आणि न चढल्याबद्दल तो स्वतःला आणखी दोष देतो. समर्थांविषयीं आमचा आदर कोणाहून कमी नाहीं. ते बलाचे उपासक होते. पण तापानें फणफणलेल्याला त्यांनीं जोर काढावयास लावलें असतें, असें आम्हांस वाटत नाहीं.

बाळंतिणीचेंच पहा. आमच्या घरांत तिच्या शरीराची केवढी बडदास्त! शेकशेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सव्वा महिना सक्त विश्रांति. पण ती बाळाकडे पाठ करून कां निजते, हें विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. पहिल्या दिवसांतील रडूं बहुधा आपोआप ओसरतें. परंतु दोन आठवड्यांनंतरहि तें टिकलें, बाळाविषयीं कांहींच वाटेनासें झालें, किंवा आपल्या हातून त्याचें वाईट होईल अशी भीति वाटूं लागली, तर तो बाळंतपणाचाच एक उपद्रव समजून डॉक्टराकडे गेलें पाहिजे. त्याऐवजीं तिला मिळतें काय? ‘आम्हीं चार बाळंतपणें काढलीं, असलीं थेरें केलीं नाहींत.’ पुढें याच सासूबाई म्हातारपणीं एकाएकीं गप्प झाल्या, कीं ‘वय झालें’ म्हणून त्यांचीहि बोळवण होते.

कायदा आमच्यापुढें गेला आहे. १९१२ चा, ज्याच्या नांवांतच वेड होतें तो कायदा गेला. १९८७ चा आला, तोहि गेला. आणि २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यांत अंमलांत आला. विमा उतरतांना मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या पंक्तीस बसवावें, असें तो सांगतो. २०२२ पासून १४४१६ हा क्रमांक फिरविला कीं सरकारच्या टेलि-मानस सेवेंत मराठींतूनहि बोलतां येतें. २०१७ सालींच ‘कासव’ या मराठी चित्रपटाला सुवर्णकमळ मिळालें. त्यांतील खचलेल्या तरुणासाठीं आम्हीं डोळे टिपले, आणि घरीं आल्यावर शेजारच्या तसल्याच मुलाविषयीं म्हणालों, ‘लाडानें बिघडला आहे!’

सबबींत मातबर सबब लग्नाची. आजार उघड झाला तर स्थळें येणार नाहींत, ही भीति अगदींच खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण लपवून लावलेलें लग्न तरी कितीसें भक्कम? महत्त्वाची गोष्ट दडवून, फसवून संमति मिळविली असेल, तर १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याप्रमाणें तें न्यायालयाकडून रद्द करून घेतां येतें. शिवाय सासरीं गोळ्या चोरून घ्याव्या लागतात, एके दिवशीं त्या बंद होतात, आणि आजार उलटतो.

परंतु दुसऱ्यांस कशास नांवें ठेवावीं? कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एक हुषार मुलगी दीड महिना आली नाहीं. वडिलांनीं आणलेल्या अर्जांत ‘कावीळ’ असें लिहिलें होतें. खरा आजार कोणता, हें त्यांच्या दबलेल्या आवाजावरूनच आम्हीं ओळखलें. तरी सही केली, आणि तीस आपला समजूतदारपणा मानलें. मग काविळींतून उठलेल्या मुलीकडून जें अपेक्षावें तें सर्व आम्हां शिक्षकांनीं तिच्याकडून अपेक्षिलें : राहिलेले निबंध, बुडालेल्या चांचण्या, नेहमींचा वरचा नंबर. गोळ्यांनीं डोळ्यांवर झांपड येते म्हणून घरच्यांनीं त्या परीक्षेपुरत्या थांबविल्या होत्या, असें मागाहून समजलें. दुसऱ्या पेपरानंतर ती परीक्षेस बसली नाहीं, व पुढें कॉलेजांतहि आली नाहीं.

आजाराचें नांव चारचौघांत सांगावें, असा आमचा आग्रह नाहीं. तें गुप्त राखण्याचा हक्क नव्या कायद्यानेंच रोग्याला दिला आहे. अर्जांत ‘आजारी आहे’ एवढेंच लिहा, डॉक्टराचा दाखला जोडा, आणि दार लोटून घेऊन आमच्यापाशीं दोन शब्द खरे बोला. खोट्या काविळीवर मात्र आम्ही यापुढें सही करणार नाहीं.