सोन्याचा डोंगर आणि मेणाच्या पाट्या

मुलांनो, तुमच्या आजीआजोबांना त्यांच्या दगडी पाटीबद्दल विचारा. लिहायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. रोमन लोकांकडेही अशी पाटी असायची, पण लाकडाची! फळीचा मधला भाग थोडा कोरायचा, तिथे मेण ओतायचं आणि टोकदार काडीने अक्षरं ओढायची. अशा काही पाट्या रोमानिया देशातल्या एका डोंगरी गावात सापडल्या. त्या गावाची ही गोष्ट.

गावाचं नाव रोशिया मोंताना. रोमानियाच्या पश्चिम भागात अपुसेनी नावाचे डोंगर आहेत, त्यांच्या कुशीत हे गाव वसलं आहे. इथल्या डोंगरांच्या पोटात सोनं आहे, खरंखुरं! इ. स. १०६ मध्ये रोमन सम्राट ट्राजनने हा मुलूख जिंकला. मग समुद्राजवळच्या डाल्मेशियातून खाणीच्या कामात तरबेज असलेली माणसं इथे आणून वसवली. तेव्हा गावाला अल्बर्नस मायोर म्हणत. त्यांनी डोंगरात खणलेले बोगदे आजही आहेत, एकूण सुमारे ७ किलोमीटर!

पुढे लढायांचे दिवस आले. लोकांनी आपली महत्त्वाची कागदपत्रं, म्हणजे त्या मेणाच्या पाट्या, खाणीत लपवून ठेवल्या. त्या सापडल्या थेट १७८६ पासून पुढे, तब्बल सोळाशे वर्षांनी. त्यातल्या सुमारे २५ आज शिल्लक आहेत. करार लिहायची पद्धत मोठी हुशारीची होती बरं का. तोच मजकूर दोनदा लिहायचे. एकदा आत, आणि ती बाजू बंद करून साक्षीदारांची मोहोर लावायची. एकदा बाहेर, वाचण्यासाठी. कोणी बाहेरच्या मजकुरात लबाडी केली तर मोहोर फोडून आतला मजकूर बघायचा!

एक पाटी आहे इ. स. १६४ ची. मेमिअस नावाच्या मजुराने मे महिन्यापासून नोव्हेंबरपर्यंत सोन्याच्या खाणीत काम करायचं कबूल केलं. मजुरी ७० दिनार. मध्येच काम सोडलं तर दर दिवसाला दंड. खाणीत पाणी भरून काम थांबलं तर तेवढी मजुरी कापायची. (पाणी भरलं यात त्या बिचाऱ्याचा काय दोष?) आणि सुरुवातीलाच लिहिलंय की हा करार दुसऱ्याने लिहून दिला आहे, कारण मेमिअसला अक्षरओळख नाही.

दुसरी पाटी वाचताना मात्र मी थांबले. ती इ. स. १३९ ची आहे. पासिया नावाच्या मुलीची विक्री. वय सुमारे सहा वर्षं. म्हणजे आपल्या पहिलीच्या वर्गात बसणारी! किंमत २०५ दिनार. विकणारा हमी देतो : मुलगी धडधाकट आहे, चोर नाही, पळून जाणारी नाही. मेमिअसच्या सहा महिन्यांच्या मजुरीशी ही किंमत ताडून पाहा.

रोमन गेले, सोनं राहिलं. पुढच्या काळात रोमानियन, हंगेरियन, जर्मन अशी सगळी माणसं इथे खाणीत राबली. एवढ्याशा गावात त्यांची पाच पंथांची चर्च! त्यांनी डोंगरावर तळी बांधली. त्या पाण्यावर मोठमोठी मुसळं चालत आणि सोन्याचा दगड कुटला जाई. घराघराच्या लहान खाणी होत्या. १९४८ मध्ये कम्युनिस्ट सरकारने त्या ताब्यात घेतल्या. १९७० नंतर एक डोंगर वरूनच फोडायला सुरुवात झाली, त्यात कितीतरी रोमन बोगदे गेले. २००६ मध्ये सरकारी खाण बंद पडली, गावातल्या नोकऱ्याही संपल्या.

त्याआधीच एक कॅनेडियन कंपनी आली होती. सुमारे ३०० टन सोनं काढायचं होतं तिला. त्यासाठी चार डोंगर फोडायचे, सायनाईड वापरायचं आणि त्याच्या विषारी गाळाने शेजारची दरी भरायची. सायनाईड म्हणजे काय, हे रोमानियाने पाहिलं होतं. २००० साली बाया मारे शहराजवळ बांध फुटला, सायनाईड नदीत गेलं आणि पार हंगेरीपर्यंत मासे मेले.

गावात दोन तट पडले. कित्येकांनी घर विकलं आणि ते शहरात नव्या वसाहतीत गेले. त्यांना नावं ठेवू नका हं. पोराबाळांना काम नको का? आणि काहींनी ठामपणे सांगितलं, आम्ही हलणार नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये शहराशहरांत हजारो लोक रस्त्यावर उतरले. ढोल नव्हते, म्हणून रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या रस्त्यावर आपटून ताल धरला! शेवटी जून २०१४ मध्ये खाणीला वाट करून देणारा कायदा संसदेने फेटाळला. कंपनीने भरपाईसाठी दावा लावला, पण मार्च २०२४ मध्ये निकाल रोमानियाच्या बाजूने लागला. २०२१ मध्ये युनेस्कोने, ज्या यादीत आपलं अजिंठा-वेरूळ आहे त्याच जागतिक वारसा यादीत, या गावाला घेतलं. पण त्याच दिवशी धोक्यात असलेल्या वारशांच्या यादीतही टाकलं.

सोनं अजून डोंगरातच आहे. विकलेली कितीतरी घरं रिकामी पडली. २०१२ पासून तिथे ‘एक घर दत्तक घ्या’ असा उपक्रम सुरू झाला. शहरातली तरुण मुलं सुटीत येतात, मोडक्या भिंती सावरतात, गिलावा करतात, छपरं शाकारतात.