तुंबलेल्या मोरीचा खरा दर

सिंक तुंबले की प्लंबर किती पैसे घेणार यावर आपण वाद घालतो. सोसायटीचे मलकुंड तुंबले की सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला बोलावतो. या दोन्ही व्यवहारांतला हिशेब एकदा नीट मांडून पाहण्याची गरज आहे.

रविवारची सकाळ, घरी पाहुणे यायचे आहेत आणि नेमके त्याच वेळी स्वयंपाकघरातील सिंकमधले पाणी उतरेनासे होते. थोड्या वेळाने नहाणीच्या जाळीतून काळपट पाणी उलटे वर येऊ लागते. मग शेजाऱ्यांकडून क्रमांक मिळवून किंवा मोबाइलवरील अ‍ॅपवरून प्लंबर बोलावला जातो. तो येतो, दहा मिनिटे खटपट करतो, पाणी सळसळत निघून जाते आणि तो रक्कम सांगतो. 'दहा मिनिटांचे एवढे?' हा प्रश्न मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गीय घरांत त्यानंतर ठरल्यासारखा विचारला जातो.

प्रश्न अगदीच गैरवाजवी नाही. या कामाला दरफलक नाही. तेच काम एका घरात काहीशे रुपयांत होते, तर दुसऱ्या घरात त्यासाठी काही हजार मोजावे लागतात. ग्राहकाला निकड असते, नळीच्या आत काय अडकले आहे हे त्याला दिसत नाही आणि घासाघीस करायला दुसरा कारागीर दारात उभा नसतो. अशा स्थितीत दर सांगणाऱ्याचे पारडे जड होणे स्वाभाविकच आहे. मात्र त्या रकमेत दहा मिनिटांच्या मेहनतीखेरीज येण्याजाण्याचा वेळ, अवजारांची झीज, काम न मिळालेले दिवस आणि अडथळा नेमका कुठे आहे हे ओळखण्याचे कसबही असते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. अ‍ॅपवरून येणाऱ्या कारागिराच्या बाबतीत त्या रकमेतला एक वाटा मध्यस्थ कंपनीकडे जातो, हेही लक्षात घ्यायला हवे.

हा अडथळा बहुतेक वेळा आपणच तयार केलेला असतो. खरकट्यासोबत गेलेले तेल-तूप नळीत थंड होऊन थिजते, त्यावर चहाचा चोथा आणि भाताची शिते चिकटतात. नहाणीत केस आणि साबण यांचा गोळा होतो. पाणी जड असेल तर साबणाची साय अधिकच धरते. घराचे नूतनीकरण करताना फरशीवाल्याने सिमेंटचे पाणी मोरीत ओतलेले असले तर तो दगड पुढे वर्षानुवर्षे त्रास देतो. नहाणीखालच्या ट्रॅपमध्ये थोडे पाणी कायम साठून राहावे अशी रचना असते, कारण त्या पाण्यामुळेच खालची दुर्गंधी आणि वायू घरात शिरत नाहीत. पण याच वळणावर कचराही अडकतो. साधा अडथळा रबरी पंपाने निघतो, त्याहून हट्टी असेल तर ट्रॅप उघडावा लागतो किंवा लांब स्प्रिंग फिरवावी लागते आणि त्यानेही भागले नाही तर दाबाने पाणी सोडणारे यंत्र आणावे लागते. दरातील फरक मुख्यतः या पायऱ्यांचा असतो. म्हणूनच काम सुरू होण्यापूर्वी 'कोणत्या पायरीला किती' हे विचारून घेणे हाच ग्राहकाचा खरा बचाव आहे. पैसे वाचवण्यासाठी कॉस्टिक सोडा किंवा अ‍ॅसिड ओतणे हा मात्र बचाव नव्हे. त्याने अडथळा निघाला नाही, तर नंतर ट्रॅप उघडणाऱ्याच्या हातावर आणि डोळ्यांत तेच रसायन उडते.

उंबरठ्याबाहेरचा खर्च

घरातील नळीचा खर्च घरमालकाचा, याबद्दल वाद नसतो. वाद सुरू होतो तो उभ्या सामाईक नळीपासून. तळमजल्यावरील बिऱ्हाडाच्या नहाणीत वरच्या सर्व मजल्यांचे सांडपाणी उलटते आणि सोसायटीचे पदाधिकारी त्यालाच 'तुमच्या घरात तुंबले आहे, तुम्हीच पाहा' असे सांगतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी याबाबत पुरेसे स्पष्ट आहेत. सांडपाण्याच्या सामाईक वाहिन्या आणि सेप्टिक टँक यांची दुरुस्ती व देखभाल संस्थेने स्वखर्चाने करायची असते. त्यासाठी दुरुस्ती निधीची तरतूदही आहे. प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के रक्कम दरवर्षी या निधीसाठी घ्यावी, असे उपविधी सांगतात. बांधकाम खर्च दहा लाख रुपये धरला तर हे वर्षाला साडेसात हजार, म्हणजे महिन्याला ६२५ रुपये होतात. तरीही वार्षिक सर्वसाधारण सभेत सर्वाधिक कात्री लागते ती याच रकमेला. वाहनतळाच्या पट्ट्यांवरून दोन तास चर्चा झडते, पण सांडपाण्याच्या चेंबरचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर येतच नाही. तो येतो थेट चेंबर ओसंडून वाहू लागल्यावर.

आणि तेव्हा एक विचित्र गोष्ट घडते. प्लंबर चेंबरपाशी येऊन थांबतो. 'हे आमचे काम नाही, त्यासाठी दुसरा माणूस बोलवा,' असे म्हणतो. हा 'दुसरा माणूस' कोण हे कोणालाच विचारावे लागत नाही. वॉचमन कोणाला तरी फोन करतो आणि तासाभरात जवळच्या वस्तीतून दोघे जण बांबूच्या कामट्या, बादली आणि दोर घेऊन हजर होतात. त्यांच्याकडे छापील पावती नसते, अ‍ॅपवरील ताऱ्यांचे गुणांकन नसते आणि विमाही नसतो. बहुतेक जण दलित समाजातील असतात. हे काम त्यांच्याकडे कोणत्या परंपरेने आले, हे सांगण्याची गरज नाही.

येथे बाजाराचा नेहमीचा नियम उलटा होतो. जोखीम वाढते तसा दर वाढायला हवा. प्रत्यक्षात घरातल्या स्वच्छ फरशीवर बसून ट्रॅप उघडणाऱ्याचा दर ठरलेला असतो आणि तो आपण कुरकुरत का होईना देतो. विषारी वायूच्या तोंडाशी वाकणाऱ्याशी मात्र घासाघीस होते, आणि तो कमी रकमेला तयार होतो.

कायद्याची भाषा

कायद्याने या व्यवहाराकडे काणाडोळा केलेला नाही. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध पहिला केंद्रीय कायदा १९९३ मध्ये झाला. त्यापुढे जाऊन २०१३ च्या कायद्याने गटारे आणि सेप्टिक टँक यांच्या धोकादायक सफाईलाही बंदी घातली. त्यातील सातवे कलम केवळ महापालिकांना उद्देशून नाही. कोणतीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा यंत्रणा यांनी प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्षपणे कोणालाही अशा कामाला लावू नये, असे ते म्हणते. 'कोणतीही व्यक्ती' या शब्दांत सोसायटीचा सचिव येतो, बंगल्याचा मालक येतो आणि वॉचमनला 'कोणीतरी बघ' असे सांगणारेही येतात. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये, १९९३ पासून गटारांत मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबीयांना दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने ही रक्कम तीस लाखांवर नेली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत माणसांकडून गटारसफाई करून घेण्यास मनाई करणारा आदेशही दिला. मुंबईच्या गोवंडीतील एका खासगी गृहनिर्माण सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये डिसेंबर २०१९ मध्ये तीन कामगार गुदमरून मरण पावले. त्यांच्या विधवा पत्नींना उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा सप्टेंबर २०२१ मध्ये प्रत्येकी दहा लाखांच्या भरपाईचा आदेश निघाला.

हे अपवादात्मक प्रकरण नव्हते. केंद्र सरकारने २०२२ आणि २०२३ मधील अशा ५४ मृत्यूंचा अभ्यास करून घेतला. त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये संसदेत मांडले गेले. या ५४ पैकी ४९ जणांच्या अंगावर कोणतेही सुरक्षा साधन नव्हते. आणि त्यातील ३८ जणांना कोणा सरकारी खात्याने नव्हे, तर व्यक्तिगतरीत्या कामाला लावले गेले होते. म्हणजे या मृत्यूंचा मोठा हिस्सा महापालिकेच्या गटारखात्याच्या नावावर नाही. तो तुमच्या-आमच्यासारख्यांनी तोंडी ठरवलेल्या मजुरीच्या नावावर आहे.

स्वस्त कसे पडते?

मलकुंडात साठलेला मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोड्या प्रमाणात त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की तो घ्राणेंद्रियच बधिर करतो, त्यामुळे वास नाहीसा झाल्याचा भास होतो आणि माणूस निर्धास्तपणे खाली उतरतो. आत प्राणवायूही कमी असतो. पहिला कोसळला की त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच टाकीत दोन-तीन मृत्यूंच्या बातम्या वारंवार येतात त्याचे कारण हेच आहे. नाकावर बांधलेल्या रुमालाने यातले काहीही टळत नाही.

आता हिशेब मांडू. मैला उपसणारी गाडी आणि दाबाने पाणी सोडणारे यंत्र आणले, तर माणसाला आत उतरावेच लागत नाही. समजा, त्यासाठी दोन मजुरांच्या तुलनेत आठ हजार रुपये जादा लागले आणि सोसायटीत चाळीस सदनिका आहेत, तर प्रत्येक घरावर पडणारा भार दोनशे रुपयांचा. तोही दर महिन्याला नव्हे, त्या एका सफाईपुरता. कमी दर सांगणारा माणूस स्वस्त पडतो तो त्याचे कौशल्य कमी असते म्हणून नव्हे. त्याच्या दरातून यंत्र, प्राणवायूचा संच, वायू तपासण्याचे उपकरण आणि विमा हे सगळे वजा झालेले असते. वजा झालेल्या या खर्चाचा धोका त्याचे कुटुंब उचलते.

सगळीकडे यंत्र पोहोचत नाही, ही अडचण खरी आहे. चाळी, अरुंद गल्ल्या आणि झोपडपट्ट्या येथे मोठी गाडी आत जाऊ शकत नाही आणि तेथील रहिवाशांना तिचे भाडेही परवडत नाही. अशा ठिकाणी सगळा भार घरमालकांवर ढकलणे अन्यायाचे ठरेल. तेथे लहान यंत्रे पुरवणे ही पालिकांचीच जबाबदारी आहे. हे अशक्य नाही, याचा दाखला सातारा जिल्ह्यातील वाईने दिला आहे. त्या नगरपालिकेने २०१८ पासून ठरलेल्या वेळापत्रकानुसार, तीन वर्षांतून एकदा, घरोघरचे सेप्टिक टँक गाडीने उपसण्याची पद्धत सुरू केली आणि त्याचा खर्च करांतून उभा केला. ऐन वेळची धावपळ टळली म्हणजे घासाघीसही टळते, आणि घासाघीस टळली की माणूस आत उतरवण्याचा मोहही उरत नाही.

महानगरांतील सोसायट्यांना यासाठी नगरपालिकेची वाट पाहण्याचे कारण नाही. पावसाळ्यापूर्वी चेंबरची यंत्राने सफाई हा दुरुस्ती निधीतील ठरलेला खर्च मानता येईल. कोणत्या यंत्राने काम होणार हे कंत्राटातच लिहून घेता येईल. टाकीत कोणीही उतरणार नाही, असा ठराव सर्वसाधारण सभेत करता येईल. घरात तेल आणि चोथा सिंकऐवजी कचऱ्याच्या डब्यात टाकता येईल. यातली एकही गोष्ट अवघड नाही.

प्लंबरने दहा मिनिटांचे किती घेतले, यावरचा आपला वाद पुढेही चालू राहील आणि तो राहायला हरकत नाही. मात्र पुढच्या वेळी सोसायटीचे चेंबर ओसंडेल आणि वॉचमन 'माणूस आणू का?' असे विचारेल, तेव्हा 'किती घेणार?' याच्या आधी 'कशाने काढणार?' हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. उत्तर 'आत उतरून' असे असेल, तर तो दर कितीही कमी असला तरी नाकारायला हवा.